आंबील बाधली नव्हती

ईशान, तन्वी,

आज लातूर रिकामं आहे. गॅलरीतून खाली पाहिलं तर भर रस्त्यात एक कुत्रं आडवं पसरलं आहे आणि त्याला उठवायला एकही गाडी नाही. किराणा बंद, सलून बंद, कोपऱ्यावरचं औषधांचं दुकानही बंद. आज येळवस. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. सगळं शहर शेतात गेलं आहे. ज्याला शेत नाही तो ज्याचं आहे त्याच्याकडे गेला आहे, कारण या दिवशी इथे आमंत्रण लागत नाही आणि बांधावर दिसलेल्या माणसाला कुणी न जेवता जाऊ देत नाही.

मागच्या रविवारी फोनवर तन्वीने विचारलं, "आजी, आजोबा आता शेतात का जात नाहीत?" आजोबांनी मान वळवली आणि मी म्हणाले, थंडी फार आहे. मग तुमच्या बाबांनी हसत हसत सांगितलं, की तिकडच्या डॉक्टरांनी त्यांना घरच्यांच्या आजारांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, "वडिलांना म्हातारपणी हार्टचा त्रास झाला, बाकी कुणाला काही नाही. आमच्या घरात पित्त आहे फक्त."

फोन ठेवल्यावर ही दोन्ही उत्तरं माझ्या कानातून जाईनात. थंडीचं आणि पित्ताचं. दोन्ही सोयीची आहेत, आणि सोयीच्या उत्तरांनी या घराचं फार नुकसान केलं आहे. म्हणून आज, घरी बसलेच आहे तर, तुम्हाला त्या एका हिवाळ्याबद्दल लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. अडेल तिथे बाबांना विचारा. म्हणजे त्यांनाही वाचावं लागेल.

मी नांदेडची. आमच्या घरात येळवस म्हणजे कुणीतरी लोहा तालुक्यातून आणून दिलेला एक डबा, एवढीच होती. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा पहिल्यांदा खरी येळवस पाहिली. पहाटेपासून चूल. तूर, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, वाल, जे जे रानात हिरवं असेल ते सगळं बेसनात घोटून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं, आणि मातीच्या रंगवलेल्या बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात न्यायचं. तिथे कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप उभी केलेली असते. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, त्यांची पूजा. पूजा होईपर्यंत घरच्या कर्त्याने तोंडात काही घालायचं नाही. मग कर्ता शेताच्या कडेने आंबील शिंपडत फिरतो. संध्याकाळी दूध उतू घालायचं, गवताचा पेटता पेंढा घेऊन शेताला फेरी मारायची, तेव्हा येळवस संपते. त्याआधी उठून जाणं अपशकुन.

पौषाच्या तोंडची ती थंडी मला आजही आवडते, हे लिहिताना जरा अवघड वाटतं. अंगावर ऊन आणि पाठीला गार वारा. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, ती बोटांना लागते आणि बोटं चाखली की खारट-आंबट. ज्वारीचं कणीस अजून दुधात. करडईचे काटे साडीला ओढतात. त्या दिवशीही हे सगळं असंच होतं. हवेला माणसाचं काही देणंघेणं नसतं.

रेणापूरजवळचं आपलं शेत तुमचे छोटे आजोबा, शिवराज, पाहतात. सुरेखा त्यांची बायको, माझी जाऊ. आजोबा मात्र आयुष्यभर मोंढ्यात आडतीवर बसले. धान्याची पोती येताना पाहायची, मुठीत दाणे घेऊन वास घ्यायचा, भाव बोलायचा. चालणं दुकानापासून गाडीपर्यंत. त्यांना साखरेचा आजार होता, रक्तदाब होता, आणि दोन्हीच्या गोळ्या होत्या. पण आपल्या घरात सोमवारी उपवास, शिवरात्रीला उपवास, श्रावणात तर विचारूच नका. आणि उपवासाला आजोबा गोळीही घेत नसत. गोळी म्हणजे पोटात काहीतरी गेलं, असा त्यांचा हिशेब. येळवसेलाही तेच. मी डबी पुढे केली की म्हणत, "मॅडम, पूजा होऊ द्या, मग घेतो." मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे म्हणून ते मला लग्नापासून मॅडम म्हणतात. पूजा झाल्यावर पंगत, पंगत झाल्यावर गप्पा. गोळी तशीच राही.

त्या दिवशी पंगतीत ते नेहमीसारखेच होते. सुरेखाला म्हणाले, "सुरेखा, यंदा आंबील जरा जास्तच चढलीय. पोलीस पकडतील तुला." ती म्हणाली, "अण्णा, तिसरा पेला मागायलाव आणि नावं बी ठेवायलाव." सगळे हसले. मग ते हात धुवायला हौदाशी गेले आणि तिथेच कठड्यावर बसले.

मी जवळ गेले. विचारलं, "काय होतंय?"

"काही न्हाई. आंबील छातीशी आलीय."

"छातीत दुखतंय का?"

"दुखत न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्यांना दुखत नव्हतं. नंतर दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की कुणीतरी छातीवर तुरीचं पोतं ठेवून त्यावर बसल्यागत वाटत होतं. जबडा अवघडला होता, डावा हात कोपरापर्यंत मुंग्या आल्यासारखा. यातल्या एकालाही आपल्याकडे कुणी दुखणं म्हणत नाही. हृदयाचा झटका म्हणजे सिनेमातल्यासारखं माणूस छाती धरून कोसळतो, अशी आमची सगळ्यांची समजूत. साखरेच्या रुग्णाला तर ते पोतंही कधीकधी जाणवत नाही. नुसता घाम येतो, मळमळतं, जीव घाबरा होतो. हा माणूस बसला होता, बोलत होता, पाहुण्यांना जेवायचा आग्रह करत होता.

मग सगळे मदतीला धावले. प्रेमाने धावले, आणि म्हणूनच मला हे लिहिणं जड जातं. एकाने ओवा आणि काळं मीठ आणलं. एकाने लिंबू-सोडा केला. शिवराजचे साडू म्हणाले, "अण्णा, शेंगाची पोळी तिसरी घेतलाव तवाच म्हणलं होतं मी. चला, जरा फिरा. ढेकर आली की मोकळं व्हताव." आणि दोघांनी त्यांना उठवून, हात धरून, बांधाबांधाने फिरवायला नेलं. ज्या हृदयाला श्वासापुरतंही रक्त मिळत नव्हतं त्याला आम्ही शेत चालायला लावलं.

मी म्हणाले, आपण लातूरला जाऊ या.

"वहिनी, बसा की. येळवसाला कुणी मधीच उठतंय व्हय?" साडू म्हणाले. "नांदेडच्या माणसाला आंबील झेपत न्हाई तसं आज अण्णाला झालंय, दुसरं काय!"

आजोबांनीही हात हलवला. "मॅडम, दूध उतू घालू द्या. घरचा मोठा मी हाय."

ते दूध उतू जायच्या कितीतरी आधी त्यांना उलटी झाली. मग त्यांच्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं. सकाळी पूजेत ओढलेली विभूतीची तीन बोटं घामाने ओघळून भुवयांवर आली होती. गार वारा सुटला होता, बाकी सगळे शाली लपेटून बसले होते, आणि या माणसाचा सदरा पाठीला चिकटला होता. सुरेखाने त्यांचा हात हातात घेतला आणि ती एकदम ओरडली, "आवो, अण्णा बर्फावानी गार पडलेत!"

त्यानंतर पोळीचा विनोद कुणी केला नाही.

आता गाडी काढायची. आपली गाडी पाणंदीत सगळ्यांत आत उभी होती, कारण आपण सगळ्यांच्या आधी आलो होतो. तिच्यामागे पाहुण्यांच्या गाड्या एकामागे एक. पाणंद एका बैलगाडीच्या रुंदीची. आणि येळवसेला माणूस एका शेतात बसत नाही. इथे दोन घास, तिथे पेलाभर आंबील, असा फिरत राहतो. सर्वांत मागच्या पांढऱ्या गाडीचा मालक किल्ली खिशात घालून कुठल्या शेतात बसला आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. शिवराज बांधावर चढून दोन्ही हात हलवत धावत सुटले. "आवो, गाडी काढा! गाडी काढा!" तर पलीकडच्या शेतातून लोकांनी उभं राहून त्यांना हात केले, "या, या! जेवायला या!" पुढच्या शेतातूनही तेच. "या की शिवराज, पळताव कशाला, भज्जी हाय अजून!" त्या दिवशी बांधावर धावणारा, हात हलवणारा माणूस म्हणजे हसत बोलवायचा माणूस. दुसरं काही असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. चारी बाजूंनी आम्हाला जेवायला बोलावत होते.

शेवटी शेजारचे गफूरभाई म्हणाले, "माझी जीप सडकेला हाय. पण हरभऱ्यातून जावं लागतंय." आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी ती उचलली. ज्या पिकावर दोन घटकांपूर्वी आंबील शिंपडली होती ते तुडवत आम्ही सडकेला गेलो. आजोबा खुर्चीत मान टाकून म्हणत होते, "बाजूनं न्या रे, घाटे भरलेत." मी खुर्चीच्या मागे चालत होते आणि त्यांची एक चप्पल माझ्या हातात होती.

रेणापुरात पहिला दवाखाना दिसला, त्याला कुलूप. दुसऱ्यालाही. दारावर कसलीही पाटी नव्हती, लागतच नाही. डॉक्टरही माणूसच, तोही कुणाच्या तरी शेतात जेवत होता. मला त्याचा राग येत नाही. येळवसेला दवाखाना उघडा ठेवला तर गिऱ्हाईक येत नाही, कारण येळवसेला आजारी पडायचं असतं ते फक्त खाऊन.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात कामावर एक तरुण डॉक्टर होती, विदर्भातली. तिने दाराशीच विचारलं, "केव्हापासून?" शिवराज म्हणाले, "पंगत उठल्यापासून." तिला पंगत कधी उठते ते माहीत नव्हतं. तिने घाईने छातीला तारा लावल्या, कागद सरकत बाहेर आला, आणि तो वाचताना तिचा चेहरा जसा झाला तो मला पुरे झाला. तोंडात चघळायला गोळी दिली, सुई टोचली, फोन लावला. नळी घालून शीर उघडणारे डॉक्टर आणि त्यांची माणसं औशाकडच्या एका शेतातून निघाली. आली तेव्हा एकाच्या कपड्यांना हरभऱ्याची आंब आणि चुलीचा धूर यांचा वास होता. त्यांनी सगळं व्यवस्थित केलं. शीर उघडली, जाळी बसवली. फक्त उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. हृदय रक्ताने भरलेलं असतं, पण ते रक्त त्याच्या स्वतःच्या कामाचं नसतं. त्याला लागणारं रक्त बाहेरून येणाऱ्या तीन बारीक शिरांतून मिळतं. वर्षानुवर्षं त्या शिरांच्या आत चरबीचा थर साचत जातो. रक्तदाब, साखर, तंबाखू, बसून राहणं, आणि आई-वडिलांकडून आलेलं रक्त, हे सगळे त्याला हातभार लावतात. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि शीर बंद होते. त्या शिरेवर जगणारा स्नायू लगेच मरत नाही. हळूहळू मरतो. तो मरायच्या आत शीर उघडली तर वाचतो.

शिवराज खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी, इहीर भरलेली आसती, पण ठिबकची एक नळी चोंदली की तेवढीच ओळ वाळती. तसं का?"

"अगदी तसं."

"आन वाळलेला ऊस?"

डॉक्टर म्हणाले, "तो नाही हिरवा होत, काका."

मग त्यांनी आजोबांना विचारलं, तंबाखू? आजोबा खाटेवरून म्हणाले, "न्हाई." शिवराज म्हणाले, "हाव की. सदऱ्याच्या खिशात बघा, चुन्याची डबी बी हाय." एवढ्या त्रासातही आजोबांनी भावाकडे असं पाहिलं की मला हसू आलं. गोळ्या नियमित होत्या का? "होत्या. उपास सोडून." डॉक्टरांनी विचारलं, उपवास किती? मी बोटांवर सोमवार मोजू लागले. ते म्हणाले, काल चुकलेल्या एका गोळीने हे झालेलं नाही, असं मनाला लावून घेऊ नका. पण वर्षानुवर्षं अशी मध्येच तुटणारी गोळी म्हणजे अर्धीच गोळी. आणि ही गोळी रिकाम्या पोटी पाण्याच्या घोटाबरोबर चालली असती. देवाला काही झालं नसतं.

घरी आणलं तेव्हा तुरीची खळी सुरू झाली होती. रस्त्याने तुरीचा भुसा उडत होता. मग संक्रांत आली, तीळगूळ आला. भेटायला माणसं येऊ लागली. आपण लिंगायत, घरात अंडंही येत नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे जो येई तो खुर्चीत बसता बसता तेच म्हणे, "अण्णासारख्या शाकाहारी माणसाला हार्ट कुठनं आलं हो?" जणू हृदयविकार मटणाच्या दुकानातून घरी येतो. तेलात तरंगणारी भज्जी, तुपातली पोळी, शेंगदाण्याची चटणी, गल्ल्यावर बसून गेलेली वर्षं, ओठाआडची चिमूट, यांतलं काहीच कुणी हिशेबात धरत नव्हतं. आम्ही स्वच्छ खातो, आम्हाला होणार नाही. हा अभिमान आमच्या घरात पिढ्यांचा आहे, आणि त्याच्या आडून तो आजार खुशाल ये-जा करत आला आहे.

मी दुपारी आजोबांजवळ बसून एकेक माणूस आठवू लागले. त्यांचे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, बैल सोडता सोडता गोठ्यात बसले आणि उठले नाहीत. घरात काय सांगतात? पित्त चढलं. धाकटे चुलते औशाला लग्नात जेवले, पान खाल्लं, पोटात जळजळतंय म्हणून आडवे झाले. काय सांगतात? लग्नाचं जेवण बाधलं. एक आत्या झोपेत गेल्या. पुण्यवान, कुणाला त्रास दिला नाही. तिघेही पन्नाशी-साठीतले. आजोबा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यात पित्त नव्हतंच कधी."

नव्हतंच. तुमच्या बाबांना हे वाचून दाखवा. आपल्या घरात पित्त नाही, हृदयविकार आहे. त्यांनी त्या डॉक्टरांकडे परत जाऊन उत्तर बदलावं. रक्तातली साखर, चरबी, रक्तदाब तपासून घ्यावा, आणि गोळी दिली तर ती सणासुदीलाही घ्यावी. ते पन्नाशीला आले आहेत. तुमची पाळी पुढे आहे, पण तो थर पन्नाशीला बसायला सुरुवात होत नाही. तो तुमच्या वयापासूनच बसतो, म्हणून चाला, धावा, आणि ती धुराची पेन्सिल, ई-सिगारेट की काय, तोंडात घालू नका. ईशान, मी फोटोत पाहिली आहे.

त्या हिवाळ्यात हुरड्याचे दिवस आले तेव्हा शिवराजने कोवळा हुरडा फडक्यात बांधून पाठवला. आजोबांनी फडकं सोडलं, नाकाशी धरलं, आणि रडू लागले. मोंढ्यात भावावरून अख्ख्या बाजाराशी भांडणारा माणूस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं. झटक्यानंतर मन खचतं, त्यालाही औषध असतं. पण समोर घडताना ते औषधाचं वाटत नाही. हुरड्याबरोबर तिखट-मीठ नको, म्हणून त्यांनी तो नुसता खाल्ला. दोन घास.

मीठ गेलं. पाणी मापून आलं. जितकं पाणी अंगात साठेल तितकं दुबळ्या हृदयावर ओझं, म्हणून लघवीची गोळी, आणि रोज सकाळी वजन. एकदम वजन वाढलं म्हणजे पाणी साठलं. मोजे काढले की घोट्यावर वळ उमटलेला असे; मी अंगठ्याने दाबून पाही, खड्डा राही. आडवं झालं की दम लागे, म्हणून पाठीशी तीन उशा. स्नानघरापर्यंत जाऊन आले की पलंगाची कड धरून उभे राहत, आणि मी दारातून पाहते आहे हे कळलं की म्हणत, "मॅडम, मुलांना मार्क देताव तसं बघू नका."

आडत त्यांनी त्या वसंतात दुसऱ्याला दिली. किल्ली स्वतः जाऊन देऊन आले.

आणि सुरेखा. तिच्याबद्दल सांगितलं नाही तर हे अपुरं राहील. गावात बोललं जाऊ लागलं, की सुरेखाच्या हातची आंबील बाधली आणि अण्णा गेले होते, देवाने परत आणले. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. विहिरीवर, लग्नात, हळदीकुंकवात. ती एकदा इथे आली, आजोबांच्या पायाशी खाली बसली आणि म्हणाली, "अण्णा, मी पीठ जास्त आंबवलं व्हतं का ओ? खरं सांगा." मी तिला त्या तीन शिरा कागदावर काढून दाखवल्या. दहा वेळा सांगितलं की आंबिलीचा संबंध नाही, त्या दिवशी नुसती भाकरी खाल्ली असती तरी झालं असतं. ती मान हलवत होती. आजोबा म्हणाले, "सुरेखा, तुझी आंबील होती म्हणून मी तिथं आलो. लोकांत होतो. एकटा दुकानात असतो तर खुर्चीतच राहिलो असतो." हे तिला पटलं की नाही माहीत नाही. तिने तेव्हापासून आंबील केलेली नाही. येळवसेला ती शेजारणीच्या घरून बिंदगा आणते. हा एक आजार किती जणांच्या छातीत बसतो, ते कुठल्याच कागदावर उमटत नाही.

आत्ताच शिवराजचा फोन येऊन गेला. मागे गलका ऐकू येत होता. आता तिथे पाणंदीत गाडी लावायची नाही, सडकेला लावायची, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, आणि कुणाला छातीशी जड वाटलं तर सोडा न देता थेट निघायचं. लोक ऐकतात का, विचारलं. म्हणाले, "गाडीचं ऐकतात. सोड्याचं न्हाई ऐकत." मग आजोबांना फोन दिला. "अण्णा, पुढच्या साली याल का?" आजोबा म्हणाले, "बघू." शेत फार लांब नाही. पण बांध चढायचा आहे, आणि धूर आहे, आणि गार वारा आहे. डॉक्टर हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. तिकडे तुमच्याकडे विमानाने येण्याबद्दल मात्र ते स्पष्ट नाही म्हणाले आहेत. ईशानच्या पदवीदानाला आम्ही नसू. हे तुम्हाला फोनवर सांगायचं आजोबांना जमत नव्हतं.

गेल्या महिन्यात हृदयाची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला आणि पेनाने दाखवलं. समोरची भिंत स्थिर आहे. ती पातळ झाली आहे आणि हलत नाही. मागची आणि बाजूची भिंत हलते, प्रत्येक ठोक्याला आत येते, बाहेर जाते. आजोबांनी ते पाहून विचारलं, "एवढंच?" डॉक्टर म्हणाले, "एवढंच. जपलं तर पुरेल."

मेलेला भाग परत येणार नाही. उरलेला चालू आहे. त्यावर आजोबा सकाळी स्वतः दाढी करतात, सोमवारी उपवास करून गोळी घेतात, गॅलरीपर्यंत चालतात, आणि तुमचा फोन वाजला की खुर्चीतून कुणाचा हात न धरता उठतात.